छतातल्या वायरी: रंगावर जाऊ नका, काम बघा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, या दोन हंगामांत मला सगळ्यात जास्त फोन एकाच कारणासाठी येतात. लोहार चाळीतून हौसेने नवा दिवा आणलेला असतो. घरातल्या कुणीतरी स्टुलावर चढून जुना दिवा काढलेला असतो. आणि छतातून पाच-सहा वायरींचा झुबका खाली लोंबत असतो. "दादा, दोन लाल आहेत, तीन काळ्या आहेत, एक पिवळी एकटीच आहे. दिव्याला मात्र एक चॉकलेटी, एक निळी आणि एक हिरवी-पिवळी. कुठली कुठे लावू?"

या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर देत नाही. वायरीचा रंग ऐकून तिचं काम सांगायचं, म्हणजे शर्टाचा रंग ऐकून माणसाचा धंदा सांगायचा. बरोबर निघालं तर नशीब, आणि नशिबावर कुणाला स्टुलावर उभं करायची माझी तयारी नाही. दादर, परळ, गिरगाव या पट्ट्यात मी वीजतंत्री म्हणून काम करतो. ज्या घरांनी तीन-तीन पिढ्यांचं वायरिंग पाहिलंय, अशी छतं मी उघडली आहेत. तिथे जे दिसलं त्यावरून सांगतो: वायर ओळखायची असेल तर ती काय काम करते ते शोधावं लागतं. आणि ते शोधणं जुना दिवा खाली उतरवायच्या आधी सुरू होतं, नंतर नाही.

चौघींची ओळख

दिव्याच्या ठिकाणी चार प्रकारच्या वायरी भेटू शकतात. समजायला सोपं जावं म्हणून घरातलं पाणी डोळ्यांसमोर आणा. गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप सतत भरलेला असतो, कॉक बंद असो वा उघडा. ती फेज. मीटरकडून ती बोर्डापर्यंत येते आणि तिच्यात कायम 230 व्होल्ट असतात. कॉक म्हणजे तुमचं बटण. कॉकच्या पुढचा पाइप कॉक उघडला तरच भरतो. तशी बटणापासून दिव्यापर्यंत जाणारी जी वायर आहे, तिला आम्ही कारागीर लोक हाफ वायर म्हणतो. बटण दाबलं की ती फेज होते, बंद केलं की मेलेली. वापरलेलं पाणी मोरीतून निघून जातं, तशी करंटची परतीची वाट म्हणजे न्यूट्रल. आणि अर्थिंग म्हणजे टाकी फुटली तर पाणी घरात न येता बाहेर जावं म्हणून काढलेला पन्हाळा. एरवी कोरडा, पण लागला तर जीव वाचवणारा.

मोरीची उपमा एका गोष्टीसाठी फार कामाची आहे. मोरी तुंबली की खालचं पाणी वर चढतं, आणि जिथे कधी पाणी नसतं तिथे ते साचतं. न्यूट्रल कुठेतरी तुटला की नेमकं हेच होतं. बल्ब लावलेला आहे, बटण चालू आहे, पण पुढे वाट नाही. मग फेज बल्बातून पलीकडे जाऊन न्यूट्रलच्या तुटक्या तुकड्यात उभी राहते. टेस्टर लावला तर दोन्ही वायरींवर पेटतो, आणि बल्ब काही लागत नाही. "दोन्हीकडे फेज आली" अशी तक्रार कुणी केली की मी आधी न्यूट्रलचा सैल झालेला जोड शोधतो. बहुतेक वेळा तो सापडतो.

तर दिव्याला लागतात दोनच: हाफ आणि न्यूट्रल. दिव्याची बॉडी धातूची असेल तर तिसरी, अर्थिंग. बाकी छतातून जे काही बाहेर येतं ते दुसऱ्यांसाठी चाललेलं असतं. हे एवढं डोक्यात ठेवलं की अर्धा झुबका सुटतो.

रंग का फसवतात

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत अशी: फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. लाल, पिवळा, निळा असे तीन रंग, कारण रस्त्यावरून येणाऱ्या पुरवठ्यात तीन फेज असतात आणि प्रत्येकीला एक रंग. ही पद्धत इंग्रजांच्या वेळची. खुद्द ब्रिटनने 2004 पासून घरातल्या वायरिंगचे रंग बदलायला घेतले आणि फेज चॉकलेटी, न्यूट्रल निळी असं केलं. दिव्याच्या आणि उपकरणांच्या वायरीत तर हे चॉकलेटी-निळ्याचं आंतरराष्ट्रीय वळण त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे.

आता बघा काय होतं. भिंतीतल्या वायरिंगमध्ये निळी म्हणजे फेज असू शकते. दुकानातून आणलेल्या दिव्याला जी निळी आहे, ती न्यूट्रल आहे. रंगाला रंग जुळवून निळीला निळी जोडली, की फेज दिव्याच्या न्यूट्रलच्या बाजूला जाऊन बसली. दिवा कदाचित लागेलही, आणि म्हणूनच चूक कळत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने दिवा पाठवला असेल तर आणखी वेगळं: तिथे काळी म्हणजे फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. शिवाय तिथलं व्होल्टेज 120, त्यामुळे दिव्यावर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचल्याशिवाय तो आपल्याकडे जोडायचाच नाही.

एलईडी पॅनेलमध्ये तर याहून मोठा सापळा आहे. पॅनेलसोबत एक छोटी डबी येते, तिला ड्रायव्हर म्हणतात. तिच्या एका टोकाला 230 व्होल्ट द्यायचे असतात आणि दुसऱ्या टोकातून पॅनेलसाठी डीसी करंट निघतो. त्या डीसीच्या दोन वायरी बहुतेक वेळा लाल आणि काळ्या असतात. ही लाल-काळी प्लस-मायनसची आहे, फेज-न्यूट्रलची नाही. छतातली लाल-काळी बघून कुणी ती थेट पॅनेलला जोडली तर पॅनेल त्याच क्षणी जळतं. डबीवर इनपुट आणि आउटपुट छापलेलं असतं. अक्षरं बारीक असतात, पण चष्मा लावून वाचा.

आणि हे सगळं झालं नियमाने केलेल्या वायरिंगबद्दल. प्रत्यक्षात संध्याकाळी सात वाजता काळी वायर संपली आणि दुकान बंद झालं, तर कारागीर हातात असलेली पिवळी ओढून मोकळा होतो. वीस वर्षांनी ती पिवळी तुमच्यासमोर लोंबते. ती न्यूट्रल असते आणि तुम्ही तिला फेज समजता.

घर किती जुनं, त्यावर छत

मुंबईत वायरिंगचा अंदाज इमारतीच्या वयावरून थोडाफार बांधता येतो. गिरगाव, लालबागच्या चाळींत अजूनही काही खोल्यांत लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेल्या वायरी दिसतात. छताला गोल लाकडी ब्लॉक, त्यावर सीलिंग रोज (वायरी जोडायची गोल डबी), त्यातून लोंबणारी दोरीसारखी वायर आणि टोकाला होल्डर. तिथे रंगाचा प्रश्नच उरत नाही, कारण धूर, रंगाचे हात आणि वर्षं यांनी सगळ्या वायरी सारख्याच काळपट झालेल्या असतात. या काळातल्या रबरी आवरणाच्या वायरी वाकवल्या की आवरणाची खपली पडते आणि आतली तार उघडी होते. अशी खपली पडली की थांबा. दिवा बदलायचा विषय तिथे संपतो, आता वायर बदलायचा विषय सुरू होतो.

याच घरांत 'चावणारी काळी' भेटते, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा एकाच आवरणात लाल आणि काळी अशा दोन तारा असलेली चपटी वायर वापरत. फेज आधी छतावर यायची, तिथून ही चपटी वायर खाली बटणाकडे जायची. तिच्यातली लाल फेज खाली न्यायची आणि काळी बटणातून परत वर यायची. म्हणजे ती काळी न्यूट्रल नव्हे, हाफ! तिच्या शेजारीच दुसरी काळी असते, ती खरी न्यूट्रल. दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये, एकाच रंगाच्या. या दोन काळ्या एकत्र पिळल्या आणि बटण दाबलं, तर सरळ फेज-न्यूट्रल भिडतात आणि फ्यूज उडतो.

त्यानंतरच्या इमारतींत स्लॅब भरतानाच पाइप टाकलेले असतात आणि छतात लोखंडी फॅन बॉक्स असतो. पुढे कधीतरी त्या पाइपात गंज किंवा सिमेंट अडकून वायर ओढता येईनाशी होते, मग भिंतीवरून केसिंग-कॅपिंगची पांढरी पट्टी फिरते. अशा घरात जुनी वायर मेलेली समजून छतातच सोडून दिलेली असते. ती खरंच मेलेली आहे की दुसऱ्या टोकाला अजून कुठेतरी जोडलेली आहे, हे तपासल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं.

नव्या टॉवरमध्ये वायरिंग स्वच्छ असतं, डीबी (सगळ्या सर्किटांची पेटी) असते, आरसीसीबी (करंट भलत्या वाटेने गळला की वीज तोडणारी) असते. तिथला त्रास वेगळा: पीओपीचं फॉल्स सीलिंग. इंटिरियरवाल्याने वर कुठे जोड मारलेत ते दिव्याच्या भोकातून हात घालूनच शोधावं लागतं. अंधारात हात घालायचा नाही. आधी टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा.

आधी वीज बंद, आणि ती खरंच बंद झाली का

एक हिशोब सांगतो, मग मी यावर इतका का अडून बसतो ते कळेल. 9 वॉटचा एलईडी बल्ब 230 व्होल्टवर साधारण 40 मिलिअँपिअर करंट घेतो. माणसाच्या अंगातून 30 मिलिअँपिअरच्या आसपास करंट गेला की श्वासाचे स्नायू आखडू लागतात, आणि तो जास्त वेळ टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. म्हणजे एका छोट्या बल्बाला लागतो त्याहून कमी करंट माणसाला पुरतो. लाइटच्या सर्किटवरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) बहुधा 6 किंवा 10 अँपिअरची असते. 6 अँपिअर म्हणजे 30 मिलिअँपिअरच्या 200 पट. एमसीबी तुमच्या वायरीला वाचवते, तुम्हाला नाही. तुम्हाला वाचवते ती 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि जुन्या मुंबईतल्या कितीतरी घरांत ती नाही. शॉक किरकोळ असला तरी दचकून स्टुलावरून पडणं किरकोळ नसतं.

म्हणून भिंतीवरचं बटण बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. बटण फक्त हाफ मारतं. छतात थेट फेज लूप करून पुढे नेलेली असेल तर ती तशीच जिवंत असते. लाइटची एमसीबी बंद केली तरी मी समाधानी नसतो, कारण एकखांबी एमसीबी फक्त फेज तोडते. जुन्या दुरुस्तीत कुणी शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला असेल, तर त्या न्यूट्रलचा जोड सोडल्यावर त्याच्या टोकाला फेज येते. सरळ मेन बंद करा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, हाताने ओढून काढायचा) असलेल्या जुन्या बोर्डात आणखी एक गोष्ट बघा. तेव्हा न्यूट्रललाही फ्यूज बसवत. तुम्ही दोनांपैकी एक काढला, घर अंधारलं, तुम्ही निर्धास्त झालात. आणि काढला होता न्यूट्रलचा! फेज जागच्या जागी जिवंत. दोन्ही काढा आणि खिशात ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी येऊन लावणार नाही. मुंबईत इन्व्हर्टर फार घरांत नसतो, पण असेल तर तोही बंद करा. मेन बंद झाला की तो स्वतःहून वीज सोडतो.

मग टेस्टर. आमचे वस्ताद शिकवायचे: टेस्टर तीनदा लावायचा. आधी चालू असलेल्या प्लगवर, तो पेटतो ना बघायला. मग मेन बंद करून छतातल्या प्रत्येक वायरीवर. मग परत एखाद्या जिवंत जागी, मधल्या काळात टेस्टरच गेला नाही ना याची खात्री करायला. मेन बंद असेल तर जिवंत जागा म्हणजे जिन्यातला किंवा शेजारच्यांचा प्लग. कुरकुर न करता जायचं.

टेस्टरला किती विश्वासात घ्यावं

साध्या टेस्टरमध्ये एक लहानसा निऑन दिवा आणि लाखो ओहमचा रेझिस्टर असतो. मागच्या टोपणाला बोट लावलं की तुमच्या अंगातून अगदी नगण्य करंट जमिनीकडे जातो आणि निऑन पेटतो. इतक्या कमी करंटवर पेटतो हा त्याचा गुण, आणि तोच दोष. दोन वायरी एकाच पाइपातून लांबपर्यंत शेजारी-शेजारी गेल्या असतील तर जिवंत वायरीमुळे मेलेल्या वायरीतही थोडं व्होल्टेज उमटतं. टेस्टर तिच्यावरही मंद पेटतो. डिजिटल मल्टिमीटर तिथे चाळीस-पन्नास-ऐंशी असे अर्धवट आकडे दाखवतो. उलट, तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभे असाल आणि छतात उजेड येत असेल, तर खऱ्या फेजवरही टेस्टरची चमक दिसत नाही. टेस्टर पेटला तर सावध व्हा. नाही पेटला म्हणून हात लावू नका, खात्री दुसऱ्या मार्गानेही करा.

म्हणूनच जुने कारागीर टेस्ट लॅम्प बाळगतात: होल्डर, त्याच्या दोन वायरी आणि जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. अशा बल्बाला खरा करंट लागतो. उमटलेल्या व्होल्टेजवर तो पेटत नाही. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला तर लख्ख लागतो, दोन फेजांमध्ये चुकून लावला तर फुटू शकतो. ज्या घरात तीन फेजचा पुरवठा आहे, तिथे एका बॉक्समध्ये दोन वेगळ्या फेज आल्या तर त्यांच्यात सुमारे 400 व्होल्ट असतात. टेस्ट लॅम्प हे शिकलेल्या हाताचं हत्यार आहे, घरी बनवून वापरू नका.

घरी करता येण्यासारखी आणि त्यामानाने निर्धोक पद्धत मल्टिमीटरच्या बीपची आहे: दोन काड्यांमध्ये तार सलग असेल तर तो वाजतो. मेन बंद, सगळे प्लग काढलेले, बल्ब काढलेला. बोर्ड उघडून बटणाच्या फेज येणाऱ्या स्क्रूला एक लांब वायर लावायची आणि तिचं दुसरं टोक छताशी आणायचं. आता मीटरची एक काडी या टोकाला, दुसरी छतातल्या एकेका वायरीला. जी वायर बटण चालू असताना बीप देते आणि बंद केल्यावर गप्प होते, ती हाफ. जी दोन्ही वेळा बीप देते ती थेट फेज. जी कधीच देत नाही ती न्यूट्रल, अर्थ किंवा भलतंच काही. घरात दुसरं माणूस असेल तर एकाने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने वर ऐकायचं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्या पाच मिनिटांत एकदाही जिवंत वायरीला हात लावावा लागत नाही.

झुबका वाचायचा कसा

आता तो फोनवरचा झुबका. दोन लाल एकमेकींत पिळलेल्या, तीन काळ्या एकमेकींत पिळलेल्या, एक पिवळी एकटी. हे चित्र जुना दिवा लावलेला असताना बघितलं असतं तर कोडंच पडलं नसतं. जुन्या दिव्याची एक वायर त्या एकट्या पिवळीला आणि दुसरी काळ्यांच्या झुबक्याला गेलेली दिसली असती. एकटी ती बटणाकडून आलेली, म्हणजे बहुधा हाफ. काळ्यांचा झुबका म्हणजे न्यूट्रलची साखळी: एक काळी बोर्डाकडून आली, एक पंख्याकडे गेली, एक शेजारच्या खोलीत गेली. दोन लाल म्हणजे फेज, इथे फक्त मुक्काम करून पुढे चाललेली. तिचा तुमच्या दिव्याशी काही संबंध नाही.

म्हणून माझी हात जोडून विनंती: पिळलेले जोड सोडू नका. नवा दिवा लावायला ते सोडायची गरजच नसते. सोडले की शेजारची खोली अंधारते. घाईत परत जोडताना एकटी वायर चुकून लालमध्ये गेली तर पुढे बटणाला काही अर्थ उरत नाही. दिवा दोन झुबक्यांमध्ये लावला तर तो चोवीस तास जळत राहतो. एकटी वायर आणि लाल यांच्यामध्ये लावला तर बटण दाबूनही तो नीट लागायचा नाही, कारण दोन्ही टोकांना एकच फेज. आणि एकटी वायर काळ्यांत गेली तर बटण दाबताच ठिणगी.

दिव्याची वरची वाटी खाली सरकवली की लगेच फोटो काढा. एक समोरून, एक बाजूने, एक लांबून, ज्यात कुठली वायर कुठल्या पाइपातून आली तेही दिसेल. मग ज्या दोन वायरी जुन्या दिव्याला जात होत्या, त्यांना चिकटपट्टीची खूण करा, आणि तेव्हाच सोडा. आमचे वस्ताद हाफला पिवळ्या टेपचे दोन वळसे मारायचे, न्यूट्रलला काहीच नाही. कितीही घाई असो, तेवढं केल्याशिवाय पक्कड खाली ठेवायचे नाहीत.

मी त्यांच्याकडे नवा होतो तेव्हाची गोष्ट. गिरगावातल्या एका चाळीत, गणपतीच्या आदल्या दिवशी, मखरावरचा होल्डर बदलायचा होता. काकूंनी बटण बंद केलं, दिवा विझला. मी मेनकडे गेलो नाही. विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये बोट गेलं आणि कोपरापर्यंत झटका बसला. वस्तादांनी मला खाली उतरवलं, पाणी दिलं आणि मग टेस्टर माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता बटण बंद ठेवून होल्डरला लाव." लावला तर एका पिनेवर पेटत होता. कुणीतरी कधीतरी बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलं होतं. टाकीचा पाइप उघडाच ठेवून मोरीला बूच मारलं होतं. दिवा विझायचा, पण होल्डर कायम जिवंत. त्या घरातल्या मुलांनी त्याच होल्डरमध्ये किती वेळा बल्ब बदलला असेल, हा विचार त्या रात्री माझ्या डोक्यातून गेला नाही, अजूनही जात नाही.

याची एक लक्षात येण्यासारखी खूण आहे. रात्री बटण बंद करूनही एलईडी बल्ब काजव्यासारखा मंद जळत राहतो किंवा थोड्या थोड्या वेळाने लुकलुकतो. दर वेळी बटण न्यूट्रलवरच असेल असं नाही. बटणात छोटा इंडिकेटर दिवा असला तरी त्यातून झिरपणाऱ्या करंटने हे होतं, आणि लांब समांतर वायरींमुळेही होतं. पण इंडिकेटर नसेल आणि बल्ब लुकलुकत असेल, तर बटण कशावर आहे हे तपासून घ्या. "एलईडी आहे, असंच होतं" म्हणून सोडू नका.

जिन्यातल्या किंवा बेडरूममधल्या दोन ठिकाणांहून चालणाऱ्या दिव्याबद्दल थोडक्यात: तिथे बटण 'चालू-बंद' नसतं, ते फेजला दोन वाटांपैकी एका वाटेवर टाकतं. त्या वाटांच्या वायरी कधी जिवंत, कधी मेलेल्या असतात, त्यामुळे एका बटणाच्या स्थितीवरून काहीच ठरवू नका. आणि पंख्याच्या जागी दिवा लावणार असाल तर पंख्याचा रेग्युलेटर मधून काढून टाका, नाहीतर एलईडी लुकलुकत राहील. जड झुंबर स्लॅबमधल्या हुकालाच टांगा, पीओपीला नाही.

अर्थिंगची हिरवी वायर छतात नाही म्हणून दिव्याची हिरवी-पिवळी कापून टाकलेली मी रोज बघतो. तिला न्यूट्रलला जोडणं तर त्याहून वाईट, कारण न्यूट्रल तुटला त्या क्षणी दिव्याची सगळी बॉडी फेजवर येते. छतापर्यंत अर्थिंग नसेल तर धातूचा दिवा घेऊ नका, किंवा आधी अर्थिंग ओढून घ्या. पितळी झुंबर कितीही सुंदर दिसत असलं तरी.

पावसाळ्यात शेवटच्या मजल्यावर स्लॅब पाझरतो, पाणी पाइपातून फॅन बॉक्समध्ये उतरतं आणि दिव्याच्या वाटीत साचतं. वाटीच्या कडेला तपकिरी ओघळ दिसला तर तो पाण्याचाच. मेन बंद करा, कोरडं होऊ द्या, गळती थांबवा, मग दिवा. समुद्राच्या हवेने तांब्याची टोकं काळी-हिरवी पडतात. ती चमकेपर्यंत खरवडून किंवा कापून नवी काढूनच जोडा. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांत पिळू नका, तो जोड थोड्या दिवसांत सैल होतो आणि तापतो. पिळून टेप मारण्यापेक्षा स्क्रूचा कनेक्टर लावा.

कायद्यानेही इथे एक रेष आखलेली आहे, आणि ती मला पटते. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतल्या (2010 मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले) 45 व्या नियमाने दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा तशी फिटिंग जशीच्या तशी बदलायची मोकळीक ठेवली. वायरिंगमधली भर, बदल किंवा दुरुस्ती मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच. म्हणजे दिवा उतरवून त्याच दोन वायरींवर दुसरा चढवणं तुमच्या हातातलं आहे. पण आवरणाची खपली पडली, बीपचं गणित जुळलं नाही, जोड जळका दिसला किंवा दोन वायरींत 230 ऐवजी 400 च्या आसपास आकडा आला, तर तिथून पुढे वीजतंत्र्याचं काम. मग तुमचं बिल बेस्टचं असो, अदानीचं, टाटाचं की मुलुंड-भांडुपला महावितरणचं, मीटरच्या अलीकडचं वायरिंग तुमच्या घराचंच असतं.

दिवा लावून झाला की वाटी वर सरकवायच्या आधी मी तिच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, कुठली एमसीबी आणि हाफचा रंग लिहितो, आणि हाफला पिवळ्या टेपचे दोन वळसे मारतो. मागच्या वर्षी लालबागला एका जुन्या खोलीत गोल ब्लॉक उघडला. धुळीने माखलेल्या दोन काळ्या वायरी होत्या, आणि त्यातल्या एकीवर विटून पांढरट झालेल्या टेपचे दोन वळसे. वस्ताद जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी स्टुलावरून उतरलो, मेन बंद करून आलो, बोर्डावरून लांब वायर ओढली आणि बीप लावून बघितलं. हाफच होती.